चाफ्याला केवडा पडलेला नाही

पत्र: आम्ही नागाळा पार्कात राहतो. मागच्या वर्षी पाडव्याला मुलीनं पुण्याहून व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांच्या देवचाफ्याचं कलम आणून दिलं. पानं मधे हिरवी, कडेनं पिवळसर पांढरी, कोवळ्या पानांवर गुलाबी झाक. एवढं महाग रोप घरात पहिल्यांदाच आलं. यंदा एप्रिलपासून त्याच्या पांढऱ्या कडा करपायला लागल्या. शेजारचे काका शिरोळकडचे, ऊसवाले. ते म्हणाले, "ताई, ह्येला केवडा पडलाय, हिराकस मारा." दोनदा फवारलं. पांढरं काही गेलं नाही, उलट पानांवर तपकिरी ठिपके आले. खालून एक हिरवीगार फांदी जोरात वर आली आहे, आणि वरच्या एका फांदीला मात्र अख्खी पांढरी पानं येतायत. सासूबाई म्हणतात हिरवी ठेवा, तीच जोमाची. आमचे हे म्हणतात पांढरी ठेवा, तीच दुर्मीळ. पावसाआधी झाड कुंडीतून काढून फाटकाजवळ जमिनीत लावायचा विचार आहे. २०२१ च्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. याच्या बिया ऑनलाइन मिळतात, त्या घ्याव्यात का? आणि काकूंना एक फांदी हवी आहे, कशी देऊ? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर:

ताई, आधी हिराकस, म्हणजे ते लोहाचं औषध, बंद करा. काकांचं निदान उसाला चुकलं नसतं, चाफ्याला चुकलं. केवडा म्हणजे लोहाची कमतरता. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. मग नव्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांच्या मधला भाग पिवळा, पुढं पांढरा पडत जातो. ही खूण कोंबाकडच्या सगळ्या पानांवर एकसारखी दिसते. तुमच्या चाफ्याचं तसं नाही. तुम्हीच लिहिलंय की मधे हिरवं आणि कडेला पांढरं. दोन रंगांची हद्द चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट असते आणि कुठलंही पान दुसऱ्यासारखं नसतं. तो आजार नाही, त्या झाडाची घडणच तशी आहे. हिराकसानं ती बदलणार नाही. भर उन्हात दाट द्रावण मारलं तर कोवळं पान भाजतं, आणि तुमचे तपकिरी ठिपके बहुधा त्याचेच असावेत. ते पुसले जाणार नाहीत, पण नव्या पानांवर येणारही नाहीत.

दुरंगी झाडाला खरोखरीचा केवडाही पडू शकतो. तो ओळखायचा तर पानाच्या हिरव्या भागाकडं बघा. हिरवा भाग गडद आणि तजेलदार असेल तर काळजी नको. त्या हिरव्यातच शिरांचं जाळं उठून दिसायला लागलं आणि मधला भाग फिका पडला, तरच लोहाचा विचार करायचा. तिसरी शक्यता विषाणूची. चाफ्याला मोझॅक रोग होतो. त्यात डाग पुसट असतात, कुठं गोल कडी दिसते, पान आकसतं किंवा वेडंवाकडं होतं. तो एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातो, म्हणून कुठल्याही चाफ्याला लावलेली कात्री साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय दुसऱ्या चाफ्याला लावू नका. तुमच्या वर्णनात मोझॅकसारखं काही दिसत नाही.

आता हिरवी की पांढरी. सासूबाई आणि तुमचे मालक, दोघांचंही म्हणणं मला अर्धंच पटतं. दोन्ही फांद्यांना कात्री लावावी लागेल, फक्त कारणं वेगळी आहेत आणि वेळही वेगळी.

पानं दुरंगी का होतात ते आधी बघू. फांदीच्या टोकाच्या कोंबात पेशींचे थर एकावर एक असतात. त्यातल्या एखाद्या थराची हरितद्रव्य बनवण्याची शक्ती कधीतरी जाते. त्या थरातून पानाचा जो भाग तयार होतो तो पांढरा किंवा पिवळा निघतो, बाकीचा हिरवा. हरितद्रव्य नाही म्हणजे उन्हातून अन्न करायचं काम नाही. पांढरा भाग खातो, कमावत नाही. एकटा कमावता आणि चार खाणारे अशा घरासारखा हा संसार चालतो, म्हणून व्हेरिगेटेड चाफा साध्या देवचाफ्याच्या मानानं सावकाश वाढतो. तुमचं रोप वर्षभरात फार उंच झालं नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

हिरवी फांदी अशा झाडावर आली की ती पोटभर अन्न करते, म्हणून भराभर वर जाते. तिला दोन-तीन हंगाम मोकळं सोडलं तर मुळांकडून येणारं पाणी आणि सत्त्व ती ओढून घेते, आणि दुरंगी फांद्या तिच्या सावलीत झुरत राहतात. शेवटी तुमच्याकडं एक उत्तम साधा चाफा उरेल. साधा चाफा वाईट नाही, पण त्यासाठी मुलीनं इतके पैसे घातले नव्हते.

ती फांदी निघाली कुठून, हे आधी तपासा. बुंध्यावर मातीपासून वीतभर उंचीच्या आसपास कलमाचा सांधा दिसेल. तिथं साल थोडी फुगलेली असते किंवा पाचरीच्या आकाराची तिरकी खूण असते. फांदी सांध्याच्या खालून आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या साध्या चाफ्यावर हे कलम बांधलं त्याची. ती ठेवूच नका. कोवळी असेल तर कात्री न लावता हातानं बुडाशी धरून पिळून उपटा, म्हणजे तिच्या तळाचे डोळेही निघून येतात. नुसती कापली तर तिथूनच पुन्हा दोन फुटतात. फांदी सांध्याच्या वरून आली असेल तर दुरंगी भागच उलटून हिरवा झालाय. तसं असेल तर ती जिथून फुटली तिथपर्यंत मागं जा आणि मुळाशीच कापा. पुष्कळ वेळा दुरंगी फांदीच्या कोवळ्या सालीवरही फिका पट्टा दिसतो. तो पट्टा जिथं संपतो त्याच्या खाली कापायचं, वर नाही. हे काम एकदा करून संपत नाही. असं झाड हिरवं फुटवं काढतच राहतं, तेव्हा महिन्यातून एकदा बुंध्यावरून नजर फिरवावी लागते. हे जमणार नसेल तर व्हेरिगेटेड झाडाच्या वाटेला न गेलेलंच बरं, असं माझं मत आहे.

पांढऱ्या फांदीचं दुखणं उलटं आहे. ती देखणी आहे यात वाद नाही, पण ती एका पैशाचं अन्न करत नाही. बाकीची झाडी तिला पोसते तोवर ती जगेल. उन्हात पहिली तीच करपेल आणि पावसात पहिली तीच कुजेल. त्या फांदीवर फूल येईल या आशेवर राहू नका. ती समूळ काढायचीही गरज नाही. खाली जिथपर्यंत पानांवर थोडा तरी हिरवा पट्टा होता तिथपर्यंत छाटा. चाफ्याची फांदी छाटली की कापाच्या खालच्या डोळ्यांतून बहुधा दोन-तीन फुटवे येतात, आणि त्यातला एखादा छान मिसळीचा निघण्याची शक्यता असते. मिसळीचा ठेवा, बाकीचे काढा.

मात्र पांढऱ्या फांदीची छाटणी आत्ता नको. वळीव पडून गेलाय, मृग तोंडावर आहे. चाफ्याचा काप ओला राहिला की फांदी आतून सडत खाली येते. मोठे काप फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये घ्यायचे. तेव्हा हवा कोरडी असते आणि झाड नव्या फुटीच्या तयारीत असतं. खालची हिरवी फांदी एवढी थांबू शकत नाही, म्हणून ती या आठवड्यातच कोरडा दिवस बघून काढा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी किंवा जस्ताची नको. चुना विरताना तापतो, त्यात हात घालू नका. चाफ्याचा पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. काहींच्या अंगावर त्यानं खाज येते, म्हणून हातमोजे घाला.

कडा करपण्याचं कारण ऊन. पांढऱ्या भागाला उन्हापासून वाचवणारं काहीच नसतं. कुंडी पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर दुपारच्या उन्हाबरोबर तापलेल्या भिंतीची धगही झाडाला लागते. हा चाफा पूर्वेला ठेवा. सकाळचं चार-पाच तास थेट ऊन आणि दुपारी सावली त्याला मानवते. मार्च ते मे या काळात पन्नास टक्क्यांची हिरवी नेट वर टाकली तरी चालेल, पण पहिला चांगला पाऊस झाला की ती काढाच. लोक नेट वर्षभर तशीच ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सूर्य आधीच क्वचित दिसतो. अर्धं पान बिनकामाचं असलेल्या झाडाला त्यातही नेट घातली की ते लांबुडकं, लुळं होतं. करपलेली पानं खुडू नका. त्यांचा हिरवा भाग अजून काम करतोय.

आता जागेबद्दल. फाटकाजवळ लावू नका, ही माझी सगळ्यात ठाम सूचना समजा.

चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. देवळाच्या आवारात इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही, पण त्याची सवय अजून तिकडचीच आहे. वर्षातले काही महिने कडक कोरडे, तेव्हा पानं गाळून नुसत्या जाड फांद्यांवर राहायचं. त्या फांद्यांत पाणी साठवलेलं असतं, म्हणून तो कोरडेपणा काढतो. साठलेलं पाणी मात्र त्याला काढता येत नाही. आपल्या शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. नदीकाठची जमीन काळी, चिकट, आठ-आठ दिवस ओल न सोडणारी. त्यात पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं सरकायला लागलं की तुमच्या भागात लोक गाड्या कुठं लावायच्या हे ठरवायला लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ही पातळी कितीतरी मागं पडली. पुराच्या पाण्यात दोन-तीन दिवस उभा राहिलेला चाफा लगेच मरत नाही, त्यामुळं वाचला असं वाटतं. मग महिनाभरानं बुंधा दाबला की बोट आत जातं. कुंडी निदान उचलता तरी येते.

यंदाचा पावसाळा आहे त्याच कुंडीत जाऊ द्या. मोठी कुंडी द्यायचीच असेल तर तीही फेब्रुवारीत, पानं झडलेली असताना. पावसाच्या तोंडावर लहान मुळांना मोठी कुंडी दिली की उरलेली माती नुसती ओली राहते. तळाची भोकं बुजली नाहीत ना ते काडी घालून बघा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. पागोळी थेट कुंडीत पडणार नाही एवढं छप्पर द्या, पण उजेड तोडू नका. उत्तरेकडच्या अंधाऱ्या वऱ्हांड्यात नेऊन ठेवू नका.

जमिनीतच लावायचं असेल तर घराच्या पूर्वेला, पुराचं पाणी कधीच न आलेल्या बाजूला, दीड-दोन फूट उंच कट्टा बांधा. तळाला विटांचे तुकडे किंवा मुरूम घाला. वर दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. पन्हाळा, राधानगरीकडची तांबडी माती नर्सरीत मिळते. ती निचऱ्याला आपल्या काळ्या मातीपेक्षा कितीतरी बरी. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळते म्हणून लोक कुंड्या तिनंच भरतात. ताजी मळी तापते आणि पाणी धरून ठेवते, तेव्हा चाफ्याला ती नकोच. चांगली कुजलेली असली तरी मूठभराच्या पुढं जाऊ नका. युरिया तर अजिबात नको. नत्र जास्त झालं की झाड पांढऱ्यापेक्षा हिरव्याच्या मागं लागतं आणि वाढ मऊ होते. ती पावसात आधी कुजते. जून आणि सप्टेंबरमध्ये दोन-दोन मुठी गांडूळखत पुरतं.

पावसाळ्यात एक गोष्ट नक्की दिसेल. पानाच्या पाठीमागं नारिंगी पूड. काकांना दाखवलीत तर या वेळी त्यांचं निदान बरोबर येईल, तो तांबेराच आहे, म्हणजे बुरशीचा रोग. उसाचा तांबेरा वेगळा, चाफ्याचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण ओल्या हवेत फोफावण्याची तऱ्हा सारखीच. चाफ्याचा तांबेरा झाड मारत नाही, पानं लवकर गाळतो. साध्या चाफ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. तुमच्या झाडाचं पान आधीच अर्धं बिनकामाचं, त्यामुळं प्रत्येक पान मोलाचं आहे. नारिंगी ठिपक्यांची पानं आणि खाली पडलेली पानं रोज गोळा करून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी बुडाशी घाला, पानांवर शिंपडू नका. उघडीप मिळाली की लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून पानांच्या पाठीमागून फवारा. वरून फवारलेलं वाया जातं.

बिया घेऊ नका. चाफ्याला मेंढीच्या शिंगांसारख्या जोडशेंगा येतात आणि त्यात पंखांच्या बिया असतात, हे खरं. पण पानांवरचा हा रंग कोंबातल्या थरांच्या मांडणीवर अवलंबून असतो, आणि ती मांडणी बीतून जात नाही. दुरंगी चाफ्याच्या बिया खरोखर कुणी विकल्या तरी त्यांतून साधी हिरवी रोपं येतील, किंवा पूर्ण पांढरी. पांढरी रोपं बीतला साठा संपेपर्यंत जगतात आणि मग मरतात. त्यातून ऑनलाइन विकणारे बहुतेक जण कसल्या बिया पाठवतात ते रोप मोठं होईपर्यंत कळत नाही, आणि तोवर तुम्ही त्यांना विसरलेल्या असता. जोडीला निळ्या फुलांच्या चाफ्याचाही फोटो दिसला तर ती वेबसाइटच बंद करा.

दुरंगी चाफा हवा पण एवढी राखण नको, असं कुणी विचारलं तर मी चमच्यासारख्या लांब पानांचा, नर्सरीवाले ज्याला पुडिका म्हणतात तो सुचवतो. त्याचाही पिवळ्या-हिरव्या पानांचा प्रकार मिळतो. त्याला तांबेरा जवळजवळ येत नाही, तो पानं फारशी गाळत नाही आणि फुलांनी लगडतो. फुलांना वास नाही, एवढीच खोट. काहींना ती फार मोठी वाटते.

काकूंच्या फांदीचं सोपं आहे. आत्ता जी हिरवी फांदी काढाल तीच त्यांना द्या. हिरवी म्हणून ती टाकाऊ नाही, जोमदार देवचाफा होईल. हात-दीड हात लांब असेल तर पानं काढा, बुडाकडचा चीक धुऊन टाका आणि आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, काप कोरडा पडेपर्यंत. हे थांबणं लोकांना जमत नाही. ओली खोचतात आणि सडली की हाताला गुण नाही म्हणतात. मग वाळू मिसळलेल्या मातीत चार बोटं खोल लावून छपराखाली ठेवायची. पाऊस सुरू असताना पाणी घालायचं नाही. फांदी कोवळी आणि वीतभरच निघाली तर ती रुजणार नाही. मग काकूंना दुसऱ्या कुणाच्या जुन्या चाफ्याची फांदी मागून द्या.

त्यांना दुरंगीच हवी असेल तर मार्चपर्यंत थांबायला सांगा. तेव्हाच्या छाटणीत ज्या फांदीवर हिरवं आणि पांढरं दोन्ही भरपूर आहे अशी एक निवडा. पूर्ण पांढरी कधीच देऊ नका, ती रुजण्याइतकंही अन्न करत नाही. दुरंगी फांदी नुसती मातीत लावली तर रुजते, पण वर्षानुवर्षं रखडते. आज रुजवलेला तो हिरवा चाफा तोवर काकूंकडं जीव धरून असेल. तो बोटाएवढा जाड झाला की त्याचाच खुंट करा आणि त्यावर तितक्याच जाडीची दुरंगी फांदी पाचर कलमानं बांधा. खुंटाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, फांदीला तशीच पाचर, निदान एका बाजूची साल सालीला टेकलेली, आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट. टोकावर पारदर्शक पिशवी उपडी घालून सावलीत ठेवा. नवी पानं दिसली की पिशवीचा एक कोपरा कापा आणि दोन-चार दिवसांनी ती पूर्ण काढा.

डिसेंबर-जानेवारीत सगळी पानं झडतील. घाबरून पाणी वाढवू नका, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी पुरे. फांद्या दाबून बघा. कडक असतील तर झाड ठीक आहे. कुठं मऊ लागली तर तिथून खाली, काप पांढरा आणि टणक दिसेपर्यंत कापत जा.